चिकटरावांच्या घराचं छप्पर

मित्रांनो, आपली ओळख करून देताना ‘मी एक जुना अमुक आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. मी धुण्याचा दगड. पण जुना कशाला म्हणू? दगड कधी नवा असतो का? ‘आज दुकानातून कोरा करकरीत दगड आणला’ असं कुणी म्हटलेलं तुम्ही तरी ऐकलंय? तेव्हा वयाचं सोडा. रंगाने काळा, अंगाने चपटा, तुमच्या दप्तराएवढा आणि एका बाजूला खोलगट. ती खोलगट बाजू तेवढी लक्षात ठेवा. तिच्यापायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत.

सध्या मी एका मोठ्या काचेच्या टाकीत, पाण्याखाली, एका माशाच्या घराचं छप्पर म्हणून काम करतो. धुण्याच्या दगडाला म्हातारपणी अशी बढती मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मी जन्मलो खाणीत. जन्मलो म्हणजे काय, एका प्रचंड खडकाला पाचरी ठोकल्या आणि त्यातून मी सुटलो. माझे भाऊबंद एका घराच्या पायात गेले. मी उरलो. मुळातच एका बाजूने थोडा खोलगट होतो ना, पायात बसेना. गवंडी मला टाकून देणार, तेवढ्यात त्या घरच्या थोरल्या बाई म्हणाल्या, “टाकताय कशाला? नळापाशी ठेवा. कपडे तरी धुता येतील.” थोरल्या बाई साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवून वापरणाऱ्या. त्यांच्या तावडीतून दगड फुकट जाणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून माझी नोकरी सुरू झाली. आणि मित्रांनो, माणसं ओळखायची असतील तर धुण्याच्या दगडासारखी जागा नाही. जगापुढे जाताना माणूस तोंड धुतो, केस विंचरतो. माझ्यापुढे त्याची कॉलर येते. कॉलर खोटं बोलत नाही. कुणी किती घाम गाळला, कुणी बाहीला नाक पुसलं, ‘मी बाहेर काही खाल्लं नाही’ म्हणणाऱ्याच्या शर्टावर कसले डाग आहेत, सगळं मला माहीत. आणि आजवर मी एकाचंही बिंग फोडलेलं नाही.

थोरल्या बाईंचा मुलगा फरश्या बसवायचं काम करी. सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणे. इतरांच्या पँटी मागून विरतात, मिस्त्रींच्या गुडघ्यांवर विरत. दिवसभर गुडघे टेकून काम. शिवाय खिशात, दुमडीत, शिवणीत वाळू आणि सिमेंट. स्वभावाने माणूस सरळ. नुसता सरळ नाही, पाणसळीने तपासून घेतल्यासारखा सरळ. पाणसळ म्हणजे ती बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की फरशी समपातळीत. मिस्त्रींच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, समपातळीत असलेल्या आणि नसलेल्या. मी दुसऱ्या प्रकारातला. “या खड्ड्यात पाणी साठतं, डास होतात,” असं ते येता-जाता मला सुनावत. दोनदा तर घण घेऊन आले होते. दोन्ही वेळा कुणीतरी “अहो, आधी जेवून घ्या” म्हटलं, म्हणून वाचलो.

ते म्हणणारी म्हणजे त्यांची बायको. आज तिला सगळे काकू म्हणतात. मी तिला नवी नवरी असल्यापासून ओळखतो. काकू डावखुरी. ब्रश डाव्या हातात, आणि घासणार नेहमी एकाच जागी, माझ्या डाव्या अंगाला. थोरल्या बाई कपाळाला हात लावत. “सून काय, दगडसुद्धा डावीकडे झिजवून ठेवला!” काकू हसे आणि घासत राही. ब्रश तिचा, आणि मिस्त्रींच्या पँटीतली वाळू. वर्षामागून वर्षं दोन्ही मिळून माझी खोलगट बाजू चांगली मूठभर खोल झाली. तिची कड मात्र गुळगुळीत, ओठासारखी.

मग कपडे धुण्याचं यंत्र आलं. मी रागावलो नाही. काकूच्या पाठीचं दुखणं मला तिच्या हाताच्या दाबावरून कळत होतं. यंत्र आलं ते बरंच झालं. पण खरं सांगू? पहिल्या दिवशी ते घरात घुमायला लागलं आणि मी बाहेर कोरडा पडून राहिलो, तेव्हा उन्हात असूनही जरा गार वाटलं. पुढे मी ताडपत्रीवर वजन म्हणून बसलो, पिंपाखाली टेकू म्हणून राहिलो, आणि शेवटी शेजारच्या मांजराची खुर्ची झालो. मांजर आभार मानत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काकू तेव्हा एका दातांच्या दवाखान्यात नोकरी करत होती. बाहेरच्या खोलीत बसायचं, लोकांना नंबर द्यायचे आणि घाबरलेल्यांना ‘काही दुखत नाही हो’ असं खोटं सांगायचं. तिच्या टेबलाशेजारी एक छोटी काचेची टाकी होती. यंत्रातले कपडे ती माझ्याजवळच्या दोरीवर वाळत घाली आणि वाळत घालताना बोलत राही. त्यामुळे टाकीची सगळी हकीकत मला पाठ आहे.

त्या टाकीत रंगीत मासे येत आणि जात. टिकला एकच. तपकिरी, ठिपकेवाला, नाकावर मिशांसारखे कोंब, आणि तोंड असं की काचेला लावलं की चिकटून बसलाच. अशा माशाला प्लेको म्हणतात. दवाखान्यातली मुलं त्याला चिकटराव म्हणत. डॉक्टरांनी तो आणला होता टाकीची काच साफ ठेवायला. “हा घाणच खातो, याला वेगळं खायला घालायची गरज नाही,” असं ते सगळ्यांना सांगत. बिनपगारी झाडूवाला मिळाल्याचा आनंद शिकलेल्या माणसालाही होतो!

“घाण खातो म्हणे,” काकू कपडे झटकत म्हणायची. “रोज माझ्या डब्यातली काकडीची चकती कोण संपवतं मग?”

पण तिला खरं लागे ते वेगळंच. हा मासा अंधारातला. दिवसा फटीत लपावं, दगडाखाली, लाकडाखाली पडून राहावं, अंधारलं की बाहेर यावं, अशी त्याची जात. दवाखान्याच्या टाकीत लपायला होतं काय? तळाला निळे खडे, वर पांढरा झगझगीत दिवा, आणि काचेवर बोट ठोकणारी माणसं. बिचारा पाण्याच्या नळीमागे अंग चोरून उभा असे. त्याची शेपटी कायम बाहेर राही.

पुढे दवाखान्याचं रूप पालटायचं ठरलं. टाकीच्या जागी टीव्ही येणार होता. काकूची नोकरीही संपत आलेली. शेवटच्या दिवशी ती झाकणाची बादली घेऊन बसमधून घरी आली.

“हे काय?” मिस्त्रींनी विचारलं.

“चिकटराव.”

“आणि जेवायला काय?”

“अहो, जेवायला नाही, राहायला आलेत ते.” तिने बादली जमिनीवर ठेवली. “इतकी वर्षं मी आणि हा एकाच उजेडात बसलो. मी निदान संध्याकाळी घरी यायचे. याला एकदा तरी लपायला जागा करून द्यायची आहे मला. म्हातारा झालाय तो. नाही म्हणू नका.”

मिस्त्री नाही म्हणाले नाहीत. जगभर फरश्या बसवून आलेल्या या माणसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दारापाशीची फरशी इतकी वर्षं डुगडुगत होती, आणि काकूने त्यावरून कधी टोमणा मारला नव्हता. न मारलेला टोमणा फार दिवस टोचतो. “करतो,” ते म्हणाले. “असं घर बांधतो की बघत राहशील.”

मोठी टाकी आली. तोवर चिकटराव न्हाणीघरातल्या टबात मुक्कामाला होते. मिस्त्रींनी आधी आपला ठेवणीतला माल काढला, पांढऱ्या संगमरवराचे तुकडे. पाळीव माशांच्या दुकानदाराने सांगितलं होतं, दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसला तर तो पाण्याचा गुण बदलेल, टाकीत घालू नका. मिस्त्रींनी थेंब टाकला. संगमरवर सोड्यासारखा फसफसला. मिस्त्रींनी तुकडे परत गुंडाळून ठेवले.

मग त्यांनी अंगण धुंडाळलं. नदीतले गोल गोटे मिळाले, पाण्यात बुडणारं एक जुनं वाकडं लाकूड मिळालं. छपराला चपटा दगड काही मिळेना.

“तो आहे की,” काकूने माझ्याकडे बोट दाखवलं.

“तो? खड्डेवाला? शिवाय जन्मभर साबण प्यालाय तो. मासा मरायचा.”

“यंत्र आल्यापासून पाऊसच पितोय. पण बघू या तपासून.”

व्हिनेगर पडला, मी ढिम्म. मग मला पिंपात बुडवलं. रोज पाणी ओतून नवं भरायचं, आणि नुसत्या ब्रशने घासायचं. साबणाशिवाय घासून घ्यायची माझी ती पहिलीच वेळ. अधूनमधून काकू पिंपातलं पाणी बाटलीत भरून खळखळ हलवी आणि फेस येतो का बघे. कितीतरी दिवसांनी फेस येईनासा झाला, तेव्हा शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, “काकू, लोक मासे पाळतात. तुम्ही दगड पाळलात!”

“दगड बरा वहिनी,” काकू म्हणाली. “चहा मागत नाही.”

आता मूळ चूक ऐका. दुकानदाराने मिस्त्रींना बजावलं होतं, “दगड थेट तळावर टेकवा, वाळू नंतर भोवतीने भरा. प्लेको उकरतो.” पण जन्मभर फरश्या बसवलेल्या माणसाला दगड कसा बसवायचा हे कुणी शिकवायचं नसतं. “वाळूच्या बैठकीशिवाय लादी?” मिस्त्री घरी येऊन म्हणाले. “ऐकलं तर लोक हसतील.” त्यांनी तळाला वाळू पसरली, दाबली, पट्टीने सारखी केली. वाळूवर दोन गोटे ठेवले आणि गोट्यांवर मला. खोलगट बाजू खाली. खोट झाकून सपाट बाजू वर ठेवायची, हा त्यांच्या धंद्याचा नियमच. माझ्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. मिस्त्रींनी त्या बुडबुड्याकडे ज्या प्रेमाने पाहिलं, तसं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

पाणी भरलं, गाळणी सुरू झाली, पाणी काही आठवडे मुरू दिलं. मग एका सकाळी काकूने चिकटरावांना टबातून आणून सोडलं. दिवा लावला नव्हता. चिकटराव आधी काचेला चिकटले, मग लाकडाला. मग त्यांना माझ्याखालचा अंधार दिसला. तिथे गेले आणि आत वळून स्थिर झाले. अख्खे आत. शेपटीसकट.

काकू बराच वेळ टाकीपुढे बसून होती. दिसत काहीच नव्हतं, तरी बसली होती.

फरशी आणि मासा यांत फरक हा की, फरशीखाली कुणी राहत नाही. चिकटरावांना घर आवडलं आणि घर आवडलेला जो तो करतो तेच त्यांनी केलं, वाढवायला घेतलं. शेपटीने वाळू उडवायची, पोटाखालची जागा मोकळी करायची. माझ्या उजवीकडच्या गोट्याखालून कण कण वाळू सरकत होती. मला ते जाणवत होतं. पण सांगणार कुणाला आणि कशाने?

एका दुपारी काकू बाजारात गेली होती आणि मिस्त्री खुर्चीत पेंगत होते. गोटा कलला. मी क्षणभर एका कडेवर तोललो, अर्धवट गरगरलो आणि धाडकन खाली बसलो.

टाकीची काच वाचली. पाणी गढूळ झालं. आणि माझ्याखाली काहीच हलेना.

‘दगडाचं काळीज’ असं माणसं म्हणतात, ते कुणा निर्दय माणसाला उद्देशून. मित्रांनो, त्या दुपारी माझ्या काळजाचं काय झालं ते दगडच जाणे. आयुष्यभर मी कुणाचं बिंग फोडलं नाही, कुणाचं बटणसुद्धा मुद्दाम तोडलं नाही. आणि ज्या एका जिवाला माझा आसरा वाटला, त्याच्यावरच मी कोसळलो होतो.

मिस्त्री खडबडून उठले. टाकीत पाहिलं. खांद्यापर्यंत हात घातला आणि तसेच थांबले. उचलायला त्यांना वेळ लागला नसता. माझ्या तिप्पट वजनाच्या लाद्या त्यांनी उचलल्यात. पण उचलताना कड कुठे टेकेल? गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. पुन्हा घातला. पुन्हा मागे घेतला. काकू पिशव्या घेऊन दारात आली, तेव्हा हे असे उभे, बाहीतून पाणी ठिबकतंय.

“काय झालं?”

“मी बसवलेला दगड हलला.”

हे वाक्य त्या घरात पूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं.

“आणि चिकटराव?”

मिस्त्रींनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

काकूने पिशव्या ठेवल्या. ती टाकीपाशी आली. आणि नेमकं तेव्हा मला ते जाणवलं. माझ्या खोलगट बाजूत, आतल्या छताला, ओलसर अशी एक बारीकशी ओढ. कुणीतरी मला घट्ट चिकटलं होतं!

जिवंत होता! मूठभर खोल जागेत, चोहोबाजूंनी वाळू, आणि मध्ये हा माझ्या अंगाला तोंड लावून. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण दगड ओरडत नाहीत. आणि वर मिस्त्री सांगत होते, “उजवीकडची बाजू हाताला लागतेय, तिथून उचलतो.”

नको, मिस्त्री, नको! तिथून उचललात तर मी विरुद्ध कडेवर टेकेन, आणि त्या कडेलाच तो आहे.

“थांबा,” काकू म्हणाली. “खड्डा कुठल्या बाजूला आलाय?”

“आता काय माहीत? पडताना फिरलाय तो. सगळ्या कडा सारख्याच लागतात.”

“तुम्हाला लागतात.” तिने बाही सरसावली आणि डावा हात पाण्यात घातला. तिची बोटं माझ्या कडेवरून फिरू लागली. एक कड, दुसरी कड, कोपरा. यंत्र आल्यापासून त्या बोटांनी मला असं हाताळलं नव्हतं. गुळगुळीत ओठापाशी ती थांबली.

“ही. ही माझी बाजू आहे. जगला असेल तर इथेच असेल. इथून उचला, म्हणजे ही बाजू वर येईल.”

“नक्की?”

“अहो, निम्मा खड्डा माझ्या हाताचा आहे आणि निम्मा तुमच्या पँटीतल्या वाळूचा. मी नाही ओळखणार?”

मिस्त्रींनी दोन्ही हात घातले. आता मात्र त्यांचा धंदा कामी आला. जड लादी कशी उठवायची हे त्यांच्यासारखं कुणाला ठाऊक? झटका नाही, ओढाताण नाही. बोटभर वर. “चीप दे.” काकूने चपटा खडा फटीत सरकवला. आणखी बोटभर. आणखी एक खडा. मी वर येत होतो आणि पोटाशी ती ओढ तशीच होती.

ओठ वाळूतून सुटला. उजेड आत आला. ओढ एकदम सुटली आणि एक तपकिरी रेघ सुळ्ळकन वाकड्या लाकडामागे गेली.

“शेपटी दिसली!” काकू ओरडली. “हलतेय! अहो, हलतेय!”

हुश्श! मित्रांनो, मी पाण्यात नसतो तर मलाही घाम फुटलेला तुम्हाला दिसला असता.

मिस्त्री जमिनीवरच बसले, अर्धे ओले, पाठ भिंतीला टेकून. मग म्हणाले, “चहा टाक गं.”

“आज तुम्ही टाका,” काकू म्हणाली, आणि मग हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे पुसायचे राहून गेले. मिस्त्री उठले आणि खरंच चहा टाकला. साखर विसरले. ती तसाच प्यायली.

दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने केलं. चिकटरावांना त्यांच्याच पाण्यासकट टबात हलवलं. वाळू बाहेर काढली. तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची जाड जाळी अंथरली, त्यावर गोटे घासून घासून पक्के बसवले, गोट्यांवर मला. मिस्त्रींनी मला चारी बाजूंनी हलवून पाहिलं. मी हललो नाही. मग भोवतीने वाळू भरली. आता खुशाल उकरा, चिकटराव! वाळू जाईल, घर राहील.

पाणी भरण्याआधी सवयीने मिस्त्रींनी पाणसळ माझ्यावर ठेवली. बुडबुडा सरकला आणि एका टोकाला जाऊन थांबला. या खेपेला गोटे लहान-मोठे आले होते; मी चांगलाच तिरका होतो. मी वाट पाहत राहिलो. आता काढतील, पुन्हा बसवतील, नाहीतर घण तरी आणतील.

मिस्त्रींनी पट्टी उचलली, पुसली आणि पिशवीत ठेवली.

“राहू दे,” ते म्हणाले. “पक्का बसलाय.”

आणि तसेच स्वयंपाकघरात जाऊन दारापाशीची डुगडुगणारी फरशी उखडायला लागले.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. कुठलाही जीव घरी आणाल तर तो तुमचं काम करील म्हणून आणू नका. त्याला काय लागतं ते आधी विचारून घ्या. चिकटरावांसाठी दगड रचाल तर आधी दगड, मग वाळू. आणि एखादी वस्तू वाकडी, झिजकी, खड्डेवाली निघाली, तर घण आणण्याआधी जरा जेवून घ्या.

कधी या घरी आलात, तर टाकी तुम्हाला रिकामी वाटेल. दगड, लाकूड, वाळू, आणि मासा कुठेच नाही. अशा वेळी काच ठोकू नका. मासा आहे. माझ्या पोटाशी आहे, शेपटीसकट.